फडतरे सरांची एकच किक

लालासाहेब फडतरे सरांचा उजवा पाय चोवीस वर्षं एकाच नोकरीत होता. रोज सकाळी पावणेसातला अंगणातली जुनी स्कूटर थोडी तिरकी करायची, डोळे मिटायचे आणि किक मारायची. उन्हाळ्यात स्कूटर चौथ्या किकला उठायची, थंडीत अकराव्या. त्या पायानं जन्मात दुसरं काही मारलेलं नव्हतं. दगड नाही, कुत्रं नाही, आणि फुटबॉल तर नाहीच नाही. अशा एकनिष्ठ पायानं वयाच्या बावन्नाव्या वर्षी वीस मीटरवरून, पाच माणसांच्या भिंतीला वळसा घालून गोल मारायचं मनावर घेतलं, यात चूक कुणाची, याचा निकाल कासारशिरगावात अजून लागलेला नाही.

गाव सातारा आणि सांगली जिल्ह्यांच्या शिवेवरचं. तिथल्या ज्युनियर कॉलेजात सर भौतिकशास्त्र शिकवायचे, आणि प्रॅक्टिकलच्या वह्या तपासण्यात पंचक्रोशीत त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. पोरं एकदाच लंबक हलवायची, एक आकडा लिहायची आणि उरलेले चार मनानं रचायची. सरांना ते वासावरून कळायचं. मग लाल शाईत शेरा पडायचा: "वाचने कमी. पुन्हा करा." एका वाचनाला सर वाचन म्हणतच नसत. "एक वाचन म्हणजे अफवा," ते वर्गात फळ्यावर डस्टर आपटून सांगायचे, "पाच वाचनं म्हणजे विज्ञान!" गावात लग्न जुळवताना मुलाची एकदाच चौकशी केली तरी लोक म्हणायचे, फडतरे सर असते तर वही परत केली असती.

सरांची एकुलती एक मुलगी सृष्टी बारावी सायन्सला होती आणि कॉलेजच्या मुलींच्या फुटबॉल संघाची गोलकीपर होती. यातली पहिली गोष्ट सरांनी ठरवलेली, दुसरी तिनं. डिसेंबरच्या पहिल्या रविवारी तिनं चहाच्या कपाशेजारी एक कागद ठेवला. राज्य संघाचं निवड शिबिर, पुणे, बारा दिवस. खाली पालकांची सही. कागद दोन आठवड्यांनंतरच्या सोमवारी सकाळपर्यंत द्यायचा होता.

"बारा दिवस!" सर म्हणाले. "बारा दिवसांत सगळ्या प्रकाशशास्त्राची उजळणी होते. आणि त्या खेळात शिकण्यासारखं आहे काय? एक गोल वस्तू, तिच्यावर एक बल. मध्याच्या जरा बाजूला मारलं की चेंडू स्वतःभोवती फिरतो. एका बाजूची हवा त्याच्याबरोबर पळते, दुसऱ्या बाजूची अडते आणि चेंडू वळतो. ह्याला मॅग्नस परिणाम म्हणतात. हे ज्याला कळलं त्याला फुटबॉल कळला."

"मग मारा की पप्पा," सृष्टी म्हणाली.

शेजारचे सुभेदार बिरदेव खरात नेहमीप्रमाणे सकाळच्या चहाला आलेले होते. मूळचे माण तालुक्यातले, दहिवडीचे, फौजेतून निवृत्त होऊन इथं घर बांधलेले. त्यांनी बशी खाली ठेवली आणि पाठ ताठ केली. आव्हान म्हटलं की त्यांची पाठ आपोआप ताठ व्हायची.

"गोलात मी उभी राहते," सृष्टी पुढं म्हणाली. "पाच जणांची भिंत लावू. वीस मीटरवरनं वळवून गोल घाला. झाला, तर हा फॉर्म मी माझ्या हातानं फाडते आणि बारावी एके बारावी. न्हाई झाला, तर तुमी सही करायची."

"मौके कितने?" सुभेदारांनी विचारलं.

"पप्पा म्हणतील तेवढे."

"एकच," सर म्हणाले. "सिद्धांत पक्का असला की एक पुरे."

"एक वाचन म्हंजे अफवा, असं कोण म्हणतं वो?" स्वयंपाकघरातून संयोगिताबाईंचा आवाज आला. सरांनी तो ऐकला नाही. चोवीस वर्षांच्या संसारात त्यांनी ही कला चांगली साधली होती.

सृष्टी हसत हसत उठली. पण तो फॉर्म तिनं प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून उशीखाली ठेवला, आणि अंथरूण काढताना पिशवी दिसली तेव्हा संयोगिताबाईंनी ती होती तशीच परत उशीखाली सरकवली. ही पोरगी पाचवीत असताना सुभेदारांचे फौजेतले लोकरी हातमोजे घालून गोलात उभी राहायची. पोरीचं सगळं त्या कागदात होतं, आणि नवऱ्याचं सगळं त्याच्या सिद्धांतात.

सरांनी त्याच दुपारी दोनशे पानी वही काढली. उद्देश: चेंडूची वक्रगती अभ्यासणे. साहित्य: चेंडू, पाय. मग आकृती. पाय आणि चेंडू यांचा संसार सेकंदाच्या शंभराव्या भागापुरताच असतो, आणि तेवढ्यात जे काही व्हायचं ते होऊन जातं, हे वाचून ते इतके हरखले की उठून फेऱ्या मारू लागले. उजव्या पायाच्या आतल्या बाजूनं चेंडूच्या उजव्या अंगाला मारायचं, म्हणजे चेंडू भिंतीच्या उजवीकडून निघून डावीकडं वळतो. फार बाजूला लागला तर नुसता फिरतो, पुढं जात नाही. मधोमध लागला तर पुढं जातो, वळत नाही. या दोन्हींच्या मध्ये दोन बोटांची जागा आहे. सरांनी ती आकृतीत लाल शाईनं रंगवली. कागदावर त्यांनी त्या दिवशी सतरा गोल केले.

अडचण इतकीच होती की घरात चेंडू एकच होता आणि तो सृष्टीचा होता. "माझाच बॉल माझ्याविरुद्ध?" ती म्हणाली आणि तो कपाटात गेला. म्हणून सोमवारी सर कॉलेजच्या ऑफिसात मुख्य लिपिक सयाजीरावांपुढं उभे राहिले.

"बॉल मिळंल की सर," सयाजीराव म्हणाले. "मैदान बी मिळंल. अर्ज तेवढा द्या. आन् प्रयोजनाचा रकाना मोकळा सोडू नका, प्राचार्य परत पाठिवत्यात."

आता दुसरा कुणी असता तर "व्यायाम" लिहून मोकळा झाला असता. पण सरांना रकान्यात खोटं लिहिणं जमत नव्हतं आणि थोडक्यात लिहिणं त्याहून जमत नव्हतं. त्यांनी लिहिलं: "फिरत्या चेंडूच्या वक्रगतीचे मैदानावर प्रत्यक्ष प्रात्यक्षिक, दि. २१ रोजी सकाळी ठीक नऊ वाजता." सयाजीरावांनी शिक्का मारला, अर्ज आत गेला आणि सरांच्या काखेत चेंडू आला. आत गेलेल्या अर्जाचं काय होतं याचा विचार माणसानं करायला हवा. सरांनी तो केला नाही.

चेंडूत हवा नव्हती. सर तो घेऊन एसटी थांब्यासमोर रहिमानभाईंच्या पंक्चरच्या दुकानात गेले.

"किती भरू, सर?"

"वातावरणाच्या दाबापेक्षा शून्य पूर्णांक आठ जास्त. म्हणजे तुमच्या भाषेत बारा पौंड."

"बारा?" रहिमानभाईंना धक्काच बसला. "सर, बारा पौंडात माझ्या नातवाची सायकल बी उभी राहत न्हाई. तुमी माझ्या दोन्ही पोरांना शिकवलं, आन् तुमच्या बॉलला मी बारा पौंड घालू? गाव काय म्हनंल!" सर शास्त्र समजावून सांगेपर्यंत कॉम्प्रेसर सुरू झाला होता. आदरापोटी रहिमानभाईंनी अठ्ठावीस पौंड घातले. वर पैसेही घेईनात.

मंगळवारी सकाळी सहा वाजता, दव पडलेल्या मैदानावर, सरांनी इतिहासातली आपली पहिली किक मारली. वहीत या क्षणासाठी अर्धं पान राखून ठेवलेलं होतं. सर धावत आले, श्वास रोखला, आणि पायानं चोवीस वर्षांच्या सवयीनं जे करायचं तेच केलं. तो वरून खाली आला. टाच चेंडूच्या डोक्यावर बसली, सर चेंडूवर चढले, क्षणभर तिथं राहिले आणि मागच्या बाजूनं उतरले. चेंडू जागचा हलला नाही.

"सर, स्कूटर स्टार्ट नहीं करनी है," सुभेदार शांतपणे म्हणाले.

दुसरी किक सरांनी ठरवून खालून मारली. ती अंगठ्यावर लागली. अठ्ठावीस पौंडांच्या चेंडूला मारणं आणि ओट्याच्या कोपऱ्याला मारणं यात फरक नसतो, हे त्यांना तिथं प्रयोगाअंती कळलं. अंगठ्याचं नख दुपारपर्यंत जांभळं झालं. संयोगिताबाई हळद-तेल लावत म्हणाल्या, "आवं, सही करा आन् मोकळं व्हा की. पोरगी बी खूश, पाय बी खूश."

"प्रश्न सहीचा नाही. प्रश्न सिद्धांताचा आहे. आई गं!"

बुधवारपासून चेंडूची हवा काढली, आणि सगळ्या गावाचे सल्ले सुरू झाले. सुभेदारांनी परेड घेतली. सयाजीरावांनी डाव्या पायानं मारून बघा म्हणून सुचवलं, कारण त्याला सवय नाही, म्हणजे वाईट सवयही नाही. रहिमानभाई म्हणाले, हवा काढलीत तिथंच चुकलं. मैदानाला लागून ज्ञानूतात्यांचा ऊस होता, तिथून तात्या बांधावर येऊन बसायचे. दोन दिवस त्यांनी नुसतं बघितलं. तिसऱ्या दिवशी त्यांना राहवेना.

"आवं सर, तुमी त्याला मारताय कशापाई?" ते म्हणाले. "इळा कसा चालवत्यात? इळा मारत न्हाईत गड्या, वढत्यात. आतनं घालायचा आन् पार खांद्यापातूर फिरवून न्यायचा. गवताला लागला म्हून मदीच थांबवायचा न्हाई. पाय तसा फिरवा."

सरांनी नम्रपणे मान डोलावली. विळ्याचा आणि मॅग्नस परिणामाचा काही संबंध कोणत्याही पुस्तकात नव्हता, म्हणून वहीत त्यांनी तो सल्ला घेतला नाही.

शनिवारी मात्र चमत्कार झाला. पाय कसा लागला देव जाणे, पण चेंडू उठला! सर ओरडले, सुभेदार ओरडले, चेंडू गोलाच्या उजवीकडून, कुंपणावरून, तात्यांच्या डोक्यावरून गेला आणि दहा फूट वाढलेल्या उसात दिसेनासा झाला. आत कुठं तरी पाचट खसखसलं आणि मग सगळं शांत झालं.

उभ्या उसात पडलेली वस्तू शोधायला जाऊ नये हे त्या भागातलं लहान पोरही सांगेल. सर गेले. उसाची पानं गालांवर झेलत, "दिशा कायम ठेवली की माणूस चुकत नाही" असं पुटपुटत ते सरळ चालत राहिले, आणि पाऊण तासानं ओढ्यापलीकडं उघड्यावर आले. तिथं म्हशी धुणाऱ्या एका बाईंना त्यांनी विचारलं, मैदान कुठं आहे. "कंचं मैदान?" बाई म्हणाल्या. "हा सांगली जिल्हा हाय." साताऱ्यातून आत गेलेले फडतरे सर सांगलीत बाहेर पडले होते, तेही चेंडूशिवाय. परत यायला त्यांनी दुधाच्या टेम्पोची मदत घेतली.

"आता तोड झाल्याबगार तुमचा बॉल गावायचा न्हाई," ज्ञानूतात्या म्हणाले. "आन् माझी तोड फेब्रुवारीत हाय."

प्रात्यक्षिकाला आठ दिवस उरले होते. दुसरा चेंडू बाजारातून आणता आला असता, पण हा कॉलेजचा होता, त्यावर कॉलेजचा नंबर होता, आणि सयाजीरावांकडं सरांनी "सुस्थितीत परत करीन" असं लिहून दिलेलं होतं. लिहून दिलेलं मोडायचं म्हणजे सरांच्या जिवावर यायचं. त्यांनी रविवारी बसून अर्ज लिहिला: "विषय: फुटबॉल सापडणेकामी ऊस लवकर तोडून मिळणेबाबत." आणि सोमवारी तो घेऊन ते साखर कारखान्याच्या गट ऑफिसात गेले, जिथं कुणाच्या उसाला कधी कोयता लागायचा ते ठरतं.

खुर्चीत बसलेला शेतकी अधिकारी जयराज त्यांचाच जुना विद्यार्थी निघाला. तो उठला, पाया पडला, चहा सांगितला, आणि अर्ज दोनदा वाचून गंभीर चेहऱ्यानं परत दिला.

"सर, कारण पुरेसं नाही," तो म्हणाला. "पुन्हा करा."

"अरे, पण..."

"बारावीला तुम्ही माझी वही तीनदा परत केली होती, सर. लंबकाचं एकच वाचन होतं म्हणून. तिसऱ्यांदा मी रडलो होतो." मग मात्र त्याला हसू आवरेना. "पण खरं सांगू? त्यानंतर आयुष्यात कधी एका आकड्यावर विश्वास ठेवला नाही. ह्या खुर्चीत बसलोय तो त्यामुळंच." त्यानं वहीत पाहिलं, कुणाची तरी तोड वाटेतल्या चिखलामुळं अडली होती, तिथली तोडकऱ्यांची टोळी मोकळी होती. तात्यांचा ऊसही तोडीच्या वयाचा झालेलाच होता. शुक्रवारी टोळी आली आणि शनिवारी दुपारी तोड संपता संपता चेंडू सापडला. शेतात मधोमध, अगदी सुस्थितीत. तात्यांचा ऊस दीड महिना आधी गेला म्हणून तात्यांनी सरांना मिठीच मारली. "सर, तुमच्या पायाला लय मोठं येश हाय!" ते म्हणाले.

इतकं सगळं झाल्यावर सर शनिवारी संध्याकाळी चेंडू काखेत घेऊन कॉलेजच्या फाटकाशी आले आणि जागीच उभे राहिले. फाटकावर दहा फुटी फलक होता. "भव्य क्रीडा-विज्ञान प्रात्यक्षिक." खाली सरांचा पंधरा वर्षांपूर्वीचा, भरपूर केसांचा फोटो. प्राचार्यांना महिन्याला एक नावीन्यपूर्ण उपक्रम वर कळवावा लागायचा, फोटोंसकट. डिसेंबर कोरडा चालला होता. अशात त्यांच्या टेबलावर सरांचा अर्ज येऊन पडला होता. मांडव घातला गेला होता. हलगीवाले सांगून ठेवले होते. भिंतीत उभं राहायला पाच प्राध्यापकांना लेखी आदेश निघाला होता.

"पप्पा, हे काय?" सृष्टी मागून आली होती. तिचा चेहरा उतरला होता. "हे आपल्या दोघांतलं होतं ना?"

"मी फक्त प्रयोजनाचा रकाना भरला होता," सर म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना तो रकाना मोकळा सोडायला हवा होता असं वाटलं.

रविवारी नऊ वाजता निम्मं गाव मैदानावर होतं. सरांना शाल, श्रीफळ, आणि सुभेदारांचे धुऊन चमकवलेले कॅनव्हासचे बूट मिळाले. भिंतीत पाच प्राध्यापक एकमेकांच्या आडोशाला उभे होते. प्रत्येकाला शेवटी उभं राहायचं होतं. गोलात सृष्टी. तिनं हातमोज्यांवर हात आपटले, गुडघे वाकवले, आणि मग ती कुणाची मुलगी राहिली नाही, नुसती गोलकीपर राहिली. सरांना ते पहिल्यांदाच दिसलं. इतकी वर्षं तिचा एकही सामना त्यांनी पाहिलेला नव्हता.

पण सरांनी एक गोष्ट हिशेबात धरलेली नव्हती. इतकी वर्षं मैदानाच्या उजव्या अंगाला दहा फुटी उसाची भिंत असायची. ती त्यांनीच अर्ज करून पाडली होती. मोकळ्या शेतावरून डिसेंबरचा वारा सरळ मैदानात घुसत होता. आणि तोड झाली की पाचट पेटवायचं असतं, म्हणून ज्ञानूतात्यांनी सकाळीच ते पेटवलं होतं, म्हणजे नंतर निवांत कार्यक्रम बघता येईल.

सरांनी पाच पावलं मागं घेतली. हलगी थांबली. ते धावले. पाय पुन्हा स्कूटरच्या आठवणीनं वाकडा झाला आणि चेंडू बुटाच्या कडेला लागून, वेडावाकडा, उजवीकडं उंच उडाला. गोलापासून चांगला लांब. मांडवातून "अरारारा" ऐकू आलं. सृष्टीनं खांदे सैल सोडले. आणि त्याच क्षणी शेतावरून वाऱ्याचा झोत आला, काळ्याकरड्या धुराचा लोट मैदानावर लोटला, गोल दिसेनासा झाला. धुरात कुणी तरी खोकलं. धूर सरला तेव्हा सृष्टी डोळे चोळत उभी होती, आणि चेंडू तिच्या मागं जाळ्यात होता.

मग जो कल्लोळ झाला! हलगी कडाडली, टोप्या उडाल्या, रहिमानभाई "वळला! वळला!" म्हणून नाचू लागले, भिंतीतले प्राध्यापक एकमेकांच्या गळ्यात पडले. प्राचार्यांनी माइक धरला. "विज्ञानाचा विजय असो!" सरांच्या गळ्यात हार पडला, दुसरा पडला. सर हसत होते, खरंच हसत होते. बावन्न वर्षांत त्यांच्यासाठी कधी हलगी वाजली नव्हती.

हारांच्या वरून त्यांना सृष्टी दिसली. ती एक एक बोट सोडवत हातमोजे काढत होती. वाऱ्याचं निमित्त नाही, धुराची तक्रार नाही. कबूल केलं होतं ते केलं होतं. तिनं ट्रॅकसूटच्या खिशातून ती प्लॅस्टिकची पिशवी काढली. फॉर्म बाहेर काढला. डोळे लाल होते, पण ते धुरानं नव्हते, हे बापाला वीस मीटरवरून कळलं.

"थांब!" सर ओरडले.

फॉर्म तिच्या दोन्ही हातांत होता. सरांनी हार काढून प्राचार्यांच्या गळ्यात घातले आणि माइक घेतला.

"हे वाचन रद्द आहे," ते म्हणाले.

"सर, गोल झालाय!" प्राचार्य कुजबुजले. "फोटो काढलाय!"

"चेंडू मी वळवलेला नाही. वाऱ्यानं ढकलला आणि धुरानं लपवला. ऊस मीच तोडायला लावला, म्हणजे चूक माझीच. आणि समजा, मीच वळवला असता, तरी एक वाचन म्हणजे काय?"

मांडवाच्या मागून त्यांच्या गेल्या पंधरा वर्षांतल्या विद्यार्थ्यांनी, लेकरांची जावळं काढायला गावी आलेल्यांनी आणि नोकरीला लागलेल्यांनी, एका सुरात उत्तर दिलं: "अफवा!"

"हातमोजे घाल," सर मुलीला म्हणाले. "पाच वाचनं घ्यायची आहेत. आणि दया दाखवलीस तर वही परत करीन."

"तुमी बी दाखवू नका, पप्पा," सृष्टी म्हणाली आणि तिनं एवढ्या जोरात नाक पुसलं की सगळ्यांना हसू आलं.

पाचट विझेपर्यंत अर्धा तास गेला. तेवढ्यात भिंतीतल्या प्राध्यापकांनी चहा घेतला. मग पहिलं वाचन: चेंडू कडेला उभ्या सयाजीरावांच्या पोटात. दुसरं: सरळ सृष्टीच्या हातात, रस्त्यानं चालत गेल्यासारखा. तिसऱ्याला सर पुन्हा चेंडूवर चढले. चौथा आकाशात गेला आणि खाली मांडवाच्या कापडावर आला, तिथून प्राचार्यांच्या चहात. लोक आता हसत नव्हते, मोजत होते. सरांचा अंगठा ठणकत होता, घाम डोळ्यांत जात होता, आणि त्यांना गोल हवा होता. अगदी मनापासून हवा होता! सही करायचं त्यांनी केव्हाच ठरवलं होतं, पण चेंडू वळलेला एकदा बघायचा होता, दुसरं काही नको होतं.

पाचव्याला ते चेंडूमागं उभे राहिले आणि बांधावर बसलेल्या ज्ञानूतात्यांकडं बघितलं. तात्यांनी हवेत हात फिरवला. आतून, खांद्यापर्यंत.

सर धावले. मारलं नाही. ओढलं. पाय आतून गेला, त्या दोन बोटांच्या लाल जागेला लागला आणि थांबला नाही, फिरतच राहिला. आवाजसुद्धा वेगळा आला. चेंडू भिंतीच्या उजवीकडून निघाला, बाहेर चालला आहे असं वाटलं, आणि मग, वारा पडलेल्या स्वच्छ हवेत, तो वळला. पुस्तकातल्या आकृतीसारखा, वरच्या डाव्या कोपऱ्याकडं.

"वळलाऽऽ!" सर किंचाळले.

सृष्टी हवेत होती. आडवी, लांब, एक हात पुढं. बोटांची टोकं चेंडूला लागली, चेंडू खांबाला लागला आणि बाहेर गेला.

"अडवलाऽऽ!" सर त्याहून मोठ्यानं किंचाळले, आणि तोडलेल्या उसाकडं की गोलाकडं हे न कळता धावत सुटले. पोरीनं मातीत पडल्या पडल्याच हात वर केला होता. बापानं तिला उचललं, किंवा उचलायचा प्रयत्न केला, आणि दोघं पुन्हा पडले. "बघितलंस? वळला!" "पप्पा, बघितलं का, अडवला!" कोण काय म्हणत होतं हे शेवटी कुणालाच कळेना. संयोगिताबाई हलगीच्या तालावर टाळ्या वाजवत होत्या. सही सुभेदारांच्या ताठ पाठीवर कागद ठेवून झाली.

त्या दिवशीच्या वहीत शेवटी एकच ओळ आहे. "निष्कर्ष: चेंडू वळतो. पण सृष्टीला चुकवण्याइतका नाही." खाली सृष्टीच्या अक्षरात लाल शाईत शेरा आहे: "वाचने पुरेशी."

सोमवारी सकाळी फॉर्म पोचवायचा होता. कडाक्याची थंडी होती. सरांनी स्कूटर तिरकी केली, डोळे मिटले, पाय उचलला आणि अंगठ्याच्या कळेनं तसाच खाली ठेवला. सृष्टी पाठीवरची पिशवी सावरत पुढं आली.

"बसा मागं, पप्पा," ती म्हणाली आणि किक मारली.

स्कूटर एकाच किकमध्ये उठली.